खर्डा गावी तू ‘माहीत नाही’ का म्हणालास?

शांतवन, तुझ्या पेटीचं झाकण बसवत होते तेव्हा सगळे माना खाली घालून उभे होते. मी स्क्रू बघत होतो. सुतारानं पितळी आहेत म्हणून सांगितलं होतं, पण मला त्यांचा रंग पटेना. लोहचुंबक माझ्या खिशात असतोच. पेटीला हात लावून नमस्कार केल्यासारखं केलं आणि हळूच टेकवला. चटकन चिकटला. लोखंडी स्क्रू आणि वरून नुसता मुलामा! जो माणूस पितळ जिभेला लावून ओळखायचा, त्याला मुलाम्याच्या स्क्रूंनी बंद करत होते. मी तिथंच सुताराची गचांडी धरली.

पाळकसाहेब म्हणाले, “शेठ, प्रार्थना चालू आहे.”

“चालू द्या,” मी म्हणालो, “तोवर मी स्क्रू आणतो.”

दुकान जवळच. जुन्या मोटारींचे लाकडी सांगाडे ज्यांनी जोडलेले असायचे ते स्क्रू माझ्याकडे डबीत होते. जड, खाचा झिजलेले, खरे. त्यांनीच तुला बंद केलं. लोक म्हणाले, दुःखानं याचं डोकं फिरलं. दुःख होतंच. पण मला पेटीपाशी उभं राहून दुसरंच वाटत होतं. वाटत होतं, हा आत पडून हसतोय. कारण त्या पेटीतून तू एक नाव घेऊन गेलास. खर्ड्याच्या त्या वस्तूचं नाव. ते तुला माहीत होतं की नव्हतं, एवढं एकच मला विचारायचं होतं, आणि तू उत्तर न देता गेलास.

आपली ओळखच भांडणातून झाली. भिंगारच्या बाजारात मी पोतं अंथरून भंगार मांडायचो. छावणीतल्या एका बंगल्यातून आलेलं दुमजली पितळी भांडं होतं माझ्याकडे, मध्ये बारीक तोटी असलेलं. काढा गाळायचं भांडं म्हणून मी ते एका बाईच्या गळ्यात मारत होतो. सौदा जमत आला होता. तेवढ्यात तू आलास, डोक्यावर हॅट, चालणं असं की सगळी छावणी तुझ्या बापाची. विचारलंसुद्धा नाहीस. खालचा मजला उघडलास आणि माझ्या नाकाखाली धरलास.

“वास घे.”

“कसला?”

“घे तर.”

लसणाचा वास होता.

“ह्यातला काढा प्यायली तर बाई वर जाईल,” तू म्हणालास. “खाली कार्बाइडचे खडे, वर पाणी. थेंब पडला की गॅस. नळीतून तो गॅस मोटारीच्या दिव्यांत. मोटारीला विजेचे दिवे नव्हते तेव्हाची गोष्ट आहे ही, शेठ.”

बाई उठून गेली. मला जन्मात पहिल्यांदा कुणी शेठ म्हटलं होतं, तेही टिंगलीनं. मी तुझ्या अंगावर हातोडी फेकली. तू ती झेललीस, दांडा निरखलास आणि म्हणालास, “दांडा बदल. बाभळीचा घाल.” त्या दिवसापासून आपण बरोबर फिरायला लागलो.

तुझा बाप मिशनच्या डॉक्टरचा ड्रायव्हर होता, असं तू सांगायचास. कधी तो डॉक्टर कलेक्टर व्हायचा, कधी संस्थानिक. मी काही बोलायचो नाही, पण लक्षात ठेवायचो. एक मात्र खरं, गळक्या रेडिएटरला डाग देऊन सांधायच्या तुझ्या त्या टपरीत बसून तू मला जे दाखवलंस ते दुसऱ्या कुणी दाखवलं नसतं. माझी आयुष्यभराची समजूत अशी की मोडलेली मोटार म्हणजे भट्टीत जाणारा माल. तू म्हणालास, मोटार मोडत नाही, ती गावभर पांगते. आणि पांगलेली तू शोधून काढायचास.

जामखेडच्या वाटेवरच्या शाळेत घंटा म्हणून एक लोखंडी धाव टांगली होती. मुलं ती बडवायची. तू एसटीच्या खिडकीतून तो आवाज ऐकलास आणि घंटी ओढून गाडी थांबवलीस. धावेला आरे नव्हते, कडेला पकडी होत्या. “शेठ, ही खरी स्टेपनी! चाक पंक्चर झालं तर चाक काढायचं नाही. ही बाहेरून त्याला जखडायची आणि घर गाठायचं.” हेडमास्तरांना आपण रुळाचा तुकडा आणून दिला, तो जास्त मोठ्यानं वाजतो म्हणून ते खूश.

मिरजगावच्या त्या माउलीची मसाल्याची पेटी आठवते? शिसवी, कोपरे दातांत दात बसवलेले, बाजूला पितळी टिकल्या. आत लाल मिरची. तू टिकल्यांवर बोट फिरवून म्हणालास, “मावशी, ह्या पेटीतून मोटारीला ठिणगी मिळायची.” ती म्हणाली, “मंग बराबर हाय! म्हनूनच आमच्या घरचं तिखट लई झोंबतंय.” तू इतका हसलास की भाव पाडायचं विसरलास. तो मलाच पाडावा लागला. हसायचं तू, आणि वाईट मी व्हायचं, अशी आपली वाटणी होती.

आपला कायमचा वाद एकच, पुसण्याचा. मला वस्तू मिळाली की चिंच आणि राख घेऊन ती लखलखीत करायची घाई. गिऱ्हाइकाला चकाकी लागते. तू माझ्या हातावर चापट मारायचास. “मळ पुसू नको रे. वस्तू कुठं होती, कुणाच्या हातात होती, ते मळ सांगतो. तू तिचं तोंड धुतलंस की ती मुकी.” मी म्हणायचो, “मुकी वस्तू लवकर विकली जाते.” हा वाद मिटला नाही. मिटवायची आपल्याला गरजही वाटली नाही.

आणि एक गोष्ट होती. तू ‘माहीत नाही’ हे कधी म्हणायचा नाहीस. आपल्या धंद्यात तो शब्दच नाही. विकणाऱ्यासमोर ‘माहीत नाही’ म्हटलं की तो भाव चढवतो, घेणाऱ्यासमोर म्हटलं की तो पाडतो. म्हणून तर आपली खूण ठरली होती. वस्तू मोलाची असली की तू रुमाल काढून नाक पुसायचास, फालतू असली की ‘राहू द्या’ म्हणून खाली ठेवायचास. पण माहिती नसलेल्या वस्तूसाठी खूण नव्हतीच, कारण तशी वस्तू नव्हती. जे ओळखू यायचं नाही त्याला तू नाव तयार करायचास. शिलाई मशीनचा एक तुकडा तू लाटसाहेबाच्या गाडीच्या दिव्याचा खटका म्हणून मुंबईच्या माणसाला दिलास, वर त्या लाटसाहेबाला सर्दी किती व्हायची तेही सांगितलंस. मी शेजारी उभा राहून मान डोलावत होतो. माझ्या मनात तेव्हाच आलं होतं, हा मला कधी असं काही सांगत नसेल कशावरून?

मग खर्डा.

दुष्काळाचं साल होतं. रस्त्याच्या कडेनं बायामाणसं खडी फोडत होती आणि लोक घरातलं धातूचं काहीबाही बाहेर काढत होते. किल्ल्याच्या अंगाला राहणाऱ्या नानांनी निरोप धाडला होता, मोटार आहे म्हणून. मोटार म्हणजे गोठ्यातला नुसता सांगाडा, बॉनेटखाली कोंबडी अंड्यावर बसलेली. बाकी सगळं त्यांच्या वडिलांनी आधीच विकलं होतं. मी उठायच्या बेतात होतो, तेव्हा नानांनी धोतराच्या सोग्यातून ती वस्तू काढली.

“ह्ये तेवढं आमच्या म्हाताऱ्यानं इकलं न्हाई. म्हनायचा, ह्याच्याबिगर मोटार जायाची न्हाई. आता मोटारच न्हाई म्हनल्यावर ह्ये ठिवून काय करायचं?”

चुन्याच्या डबीहून थोडी मोठी पितळी डबी. झाकण आडवं उघडणारं. आत दात असलेलं छोटं चाक, एकाच बाजूला फिरणारं, आणि फिरताना ‘टिक’ असा बारीक आवाज. पाठ किंचित पोकळ, गोल नळीवर बसवल्यासारखी. तीन भोकं, एकमेकांपासून वेगवेगळ्या अंतरावर. आणि दोन्ही कडा बोटांनी झिजून गुळगुळीत. कुणीतरी रोज, वर्षानुवर्षं ती हाताळली होती.

तू हातात घेतलीस. वास घेतलास. जीभ लावलीस. चाक फिरवून कानाशी धरलीस. मी तुझ्या खिशाकडे बघत होतो, रुमाल निघतो का. रुमाल निघाला नाही. तू ती खालीही ठेवली नाहीस. पुन्हा पुन्हा फिरवत राहिलास आणि नानांच्या तोंडावर, सरळ, म्हणालास, “मला माहीत नाही.”

नानांचे डोळे चमकले. “तुमाला बी ठावं न्हाई? मंग तर लई भारी चीज असनार ही!” आणि त्यांनी ती तुझ्या हातातून काढून परत सोग्यात गुंडाळली. उन्हं उतरेपर्यंत मी घासाघीस केली. शेवटी वरून माझं मनगटी घड्याळ गेलं, तेव्हा कुठं ती सुटली.

परतीच्या एसटीत मी तुला सोडलं नाही.

“खरं सांग.”

“सांगितलं.”

“तुला माहीत आहे.”

“असतं तर तुझं घड्याळ वाचलं नसतं का?”

“शिलाई मशीनचा तुकडा लाटसाहेबाचा होतो, आणि ह्याला नाव नाही?”

तू खिडकीबाहेर बघायला लागलास. “ते नाव गिऱ्हाइकासाठी होतं. तुला कशाला खोटं सांगू?”

शांतवन, लबाड माणूस अगदी हेच बोलेल की नाही? तूच सांग. मी माझ्या जागी होतो. गोणपाटावरून टपरीवर आणि टपरीवरून पत्र्याच्या दुकानात मी कसा आलो? प्रत्येकावर संशय घेऊन. ज्यांनी नाही घेतला ते अजून गोणपाटावर आहेत. मी हिशेब मांडला तो साधा होता. ज्याला सगळं माहीत असतं तो एकाच वस्तूला ‘माहीत नाही’ म्हणतो, म्हणजे ती वस्तू त्याला हवी आहे. मी ती ह्याच्या हातात दिली की हा हळूच मुंबईवाल्याला नाव सांगणार. म्हणून मी ती तुला दिली नाही. कुलपात ठेवली. तू दुकानात यायचास, चहा प्यायचास, आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणायचास, “एकदा बघू दे की रे.” मी म्हणायचो, “आधी नाव सांग.” तू हॅट उचलून निघायचास. फिरणं आपलं चालूच होतं, पण तुझ्या रुमालावरचा माझा विश्वास उडाला होता. तू नाक पुसलंस की मी विचार करायचो, खूण आहे की सर्दी?

मग तू आजारी पडलास. रूथवहिनींनी निरोप पाठवला, “ते म्हणतायत, येताना ते घेऊन या.” काय ते, हे सांगायची गरज नव्हती. मी आलो. घेऊन आलो, हे लोकांनी लक्षात ठेवावं. अंगणात तुझी खाट टाकली होती, ऊन पायांवर होतं. चेहरा जुन्या पितळेसारखा पिवळा झाला होता, पण डोळे बाजारातलेच होते.

“आणलंस?”

“आणलंय.”

“दे.”

“आधी नाव सांग.”

“आधी हातात दे. मग सांगतो.”

“हातात दिलं की नाव तयार करशील.”

तू हसलास आणि हसण्याचा खोकला झाला. वहिनींनी पाठ चोळली. “लाज वाटू द्या दोघांनी,” त्या म्हणाल्या, “मरणाच्या खाटेवर बाजार मांडलाय.”

“ह्यालाच सांग,” तू म्हणालास. “ह्याच्या खिशात आहे. खिसा बघ कसा लोंबतोय.”

“उद्या येतो,” मी म्हणालो. गिऱ्हाईक अडलं की उठायचं, हे मला तूच शिकवलं होतंस. उठलेल्या माणसाला हाक येते. मी फाटकापर्यंत सावकाश गेलो. हाक आली नाही. तूही माझ्यासारखाच, उद्याची वाट बघणारा. दुसऱ्या दिवशी मी आलो तेव्हा अंगणात खाट नव्हती, चपला होत्या, पुष्कळ. तू सौदा अर्धा टाकून गेलास. हे मी तुला माफ केलेलं नाही.

मातीला पुण्याचा एक भंगारवाला आला होता. तुझी त्याची कुठली एवढी ओळख? मला बाजूला घेऊन विचारतो कसा, “त्यांनी काही ठेवलंय का मागे?” मी म्हणालो, “बायको ठेवलीय, आणि मला ठेवलंय. काय पाहिजे?” तो गेला. पण माझ्या डोक्यात किडा सोडून गेला. नाव त्याला सांगितलं असशील का?

म्हणून प्रार्थनेची माणसं पांगल्यावर मी वहिनींना सरळ विचारलं. त्या भाकरीचं पीठ मळत होत्या. हात थांबले.

“खर्ड्याहून आले तेव्हा आठवडाभर जेवण गोड लागलं नाही त्यांना,” त्या म्हणाल्या. “मी पोळपाट घेतला की पिठात बोटानं काहीतरी काढत बसायचे. तीन भोकं, दात्यांचं चाक. पुसायचे, परत काढायचे. मी म्हटलं, काय आहे ते तरी सांगा. तर ओरडले माझ्यावर. म्हणाले, माहीत असतं तर तुझं पीठ नासलं असतं का!”

मी ऐकून घेतलं. मनात म्हटलं, नवऱ्यानं पढवलेलं बायको बोलणारच. मग पोळपाटाकडे बघितलं. पिठाला पढवता येत नाही, हेही मनात आलं. पण ते मी लगेच कबूल केलं नाही. पहिल्या भावाला होकार द्यायचा नसतो.

गेल्या आठवड्यात मुंबईचे डॉक्टरसाहेब आले. तेच पारशी, जुन्या गाड्यांचे शौकीन, लाटसाहेबाचा खटका नेलेले. तू गेल्याचं ऐकून हळहळले. मग दुकानभर नजर फिरवली. मी कुलूप उघडलं आणि ती डबी त्यांच्यापुढे ठेवली. विकून टाकावी, कटकट जाईल, असा विचार होता. त्यांनी चष्मा चढवला, झाकण उघडलं, चाक फिरवलं.

“काय हाय हे, शेठ?”

नाव तयार करायला मला किती वेळ लागला असता? लाटसाहेब होता, संस्थानिक होता, सर्दी होती. सगळं तुझंच सामान माझ्याकडे पडून होतं. पण ती वस्तू समोर असताना ते तोंडातून निघेना. मी म्हणालो, “डॉक्टरसाहेब, माहीत नाही.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग गालात हसले. “बहू पक्का माणूस तू. तुला समदा माहीत हाय. बोल, काय घेते?”

“खरंच माहीत नाही.”

“अरे, आपल्यात असा कशाला करते, बाबा? आपण काय आजचे हाय?” आणि त्यांनी स्वतःच भाव सांगितला. मी गप्प, तर चढवला. मी परत म्हणालो, माहीत नाही. तर आणखी चढवला आणि चिडले. जाताना दारात वळून त्यांनी जी नजर टाकली ना, शांतवन, ती मी ओळखली. वस्तू ओळखायला मला तू लागायचास, पण ती नजर मी एकट्यानं ओळखली. खर्ड्याच्या एसटीत ती मी तुझ्यावर टाकली होती. खिडकीबाहेर बघण्याशिवाय माणसाला तेव्हा दुसरं काही करता येत नाही. मीही दुकानाबाहेरच्या रस्त्याकडे बघत बसलो.

विकली नाही.

माझा संशय गेलाय असं मात्र समजू नकोस. अजूनही सकाळी उठल्यावर वाटतं, तुला माहीत होतं. दुपारपर्यंत वाटतं, नव्हतं. चहाच्या वेळी तुझा कप मांडायचा राहतो तेव्हा वाटतं, असो नसो, एकदा ती तुझ्या हातात द्यायला मला काय झालं होतं. पण तो भाव मी मोठ्यानं बोलत नाही.

काल कबरस्तानात आलो होतो. माती अजून खचायची आहे, दगड नंतर बसवतील. भर दुपार, कुणी नव्हतं, लांबवर माळी झाडाला पाणी घालत होता. मी ती डबी काढली आणि तुझ्या मातीवर ठेवली, जिथं हात येत असतील असं मला वाटलं तिथं. “घे,” म्हणालो. “तू म्हणशील तसं. आधी हातात.”

थांबलो. तू काही बोलला नाहीस. माळी मात्र पाणी सोडून माझ्याकडे बघायला लागला. त्याचं बघणं मला आवडलं नाही. वस्तू तिथं ठेवून आलो असतो तर संध्याकाळपर्यंत पुण्याला पोचली असती. म्हणून उचलली आणि घरी आणली.

झाकण उघडं राहिलं होतं. चाकाच्या दातांत तुझी माती गेलीय. आता ते फिरतं, पण टिक होत नाही. समोर चिंच आहे, राख आहे, हातात फडकं आहे.

पुसलेली नाही.